चॉकलेट हेझलनट कपकेक: डब्यातल्या स्प्रेडने चव येत नाही, ती दाणे भाजून येते

प्रश्न असा आलाय की ओटीजीमध्ये चॉकलेट हेझलनट कपकेक केले, बॅटरमध्ये अर्धी वाटी न्युटेलासारखं चॉकलेट-हेझलनट स्प्रेड घातलं, प्रत्येकाच्या मध्ये अजून एकेक चमचा सोडलं, तरी खाताना नुसतं गोड चॉकलेट लागतं, हेझलनट कुठे गेलं कळत नाही. वरून मधलं स्प्रेड बुडाला जाऊन कागदाला चिकटलं, कपकेकना डोंगर येऊन ते फुटले, आणि दुसऱ्या दिवशी कोरडे पडले. शिवाय घरात निम्मी माणसं अंडं खात नाहीत. मी घरूनच कपकेकच्या ऑर्डरी घेते आणि हे हेझलनटवाले माझ्याकडे दिवाळी ते नाताळ सगळ्यात जास्त जातात, त्यामुळे यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा रोजच्या कामातला आहे. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

आधी चवीचं. न्युटेलाच्या डब्यामागची बारीक अक्षरं एकदा वाचा, पहिली साखर, मग पाम तेल, आणि हेझलनट १३ टक्के. निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच आहे. आता हिशोब करा, अर्धी वाटी म्हणजे शंभरेक ग्रॅम स्प्रेड, त्यात हेझलनट १३ ग्रॅम, ते १२ कपकेकमध्ये वाटले तर एका कपकेकला साधारण एक दाणा आला. त्यावर कोको, त्यावर साखर, मग चव लागणार कुठून? बाकीच्या ब्रँडचंही बघून घ्या, काहींमध्ये हेझलनटचं प्रमाण याहून कमी असतं. स्प्रेड वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, ब्रेडवर मस्तच लागतं, पण बॅटरमध्ये ते साखर आणि तेलाचंच काम करतं.

गंमत म्हणजे हा स्प्रेडचा प्रकार जन्मला तेव्हा गणित बरोबर उलटं होतं. इटलीत आल्बा गावी पिएत्रो फेर्रेरोने १९४६ मध्ये हेझलनटची पेस्ट विकायला काढली ती युद्धानंतर कोको मिळत नव्हता म्हणून, हेझलनट मात्र आजूबाजूच्या टेकड्यांवर भरपूर. म्हणजे महागड्या कोकोत स्वस्त दाण्याची भर. न्युटेला हे नाव आलं १९६४ मध्ये. आपल्याकडे कोको पावडर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि हेझलनट घेताना हात आखडतो, त्यामुळे इथल्या रेसिपी दाण्यातच काटकसर करतात आणि चव तिथेच मार खाते. (याच फेर्रेरो कंपनीचा कारखाना आपल्या बारामतीत आहे, पण तिथलं नाव मुख्यतः किंडर जॉय आणि टिकटॅकसाठी.)

तर १२ कपकेकसाठी माझा हिशोब २५० ग्रॅम आख्खे हेझलनट. जास्त वाटेल, पण यातूनच पूड, पेस्ट, मधलं सारण, वरचं गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) आणि सजावट सगळं निघतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा मस्जिद बंदर, पुण्यात रविवार पेठ, सुक्यामेव्याच्या मोठ्या दुकानात सुटे मिळतात आणि सुटेच घ्या, कारण एक दाणा तोंडात टाकून बघता येतो. हेझलनटमध्ये साठ टक्के तेल असतं, माल जुना झाला की खवट होतो, आणि खवट दाणा भाजला तर खवटपणा जात नाही, उलट घरभर वास सुटतो. जगातले निम्म्याहून जास्त हेझलनट तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या किनाऱ्याला पिकतात आणि ऑगस्टच्या सुमारास उतरतात, म्हणून दुकानदाराला सरळ विचारा की माल नवा आहे का मागच्या हंगामाचा. घरी आणला की डबा फ्रीझरमध्ये, बाहेर ओट्यावर नाही.

आता भाजणं, ज्यावर सगळा कपकेक उभा आहे आणि ज्याला लोक पाच मिनिटं पण देत नाहीत. कच्च्या हेझलनटला खरंच फारशी चव नसते, लाकडासारखं काहीतरी लागतं, आपण ज्याला हेझलनटचा वास म्हणतो तो मुख्यतः भाजताना वाढतो. ओटीजी १५० डिग्रीला, दोन्ही रॉड चालू, ट्रेमध्ये दाणे एकाच थरात, १२ ते १५ मिनिटं, मध्ये एकदा ट्रे हलवायचा. कढईत नको, बाहेरून डाग पडतात आणि आत कच्चे राहतात. एअर फ्रायर असेल तर १५० लाच ८ ते १० मिनिटं, पण सहाव्या मिनिटापासून नजर ठेवा. घड्याळापेक्षा दाण्याकडे बघा: साल तडकून कुरकुरीत झालेली असते, आणि एक दाणा सुरीने मधोमध कापला की आतला रंग मारी बिस्किटाचा दिसायला हवा. आत पांढरा असेल तर अजून दोन मिनिटं. आत तपकिरी झाला असेल तर तो दाणा कडू लागणार, कोको त्यात अजून कडवटपणा घालणार, त्यामुळे थोडं अलीकडेच थांबलेलं बरं. बाहेर काढल्यावर गरम ट्रेमध्ये ठेवू नका, तिथेही भाजणं चालूच राहतं.

साल काढायची, कारण तुरट असते. गरम दाणे जाड नॅपकिनमध्ये बांधून पाच मिनिटं वाफ धरू द्या, मग तसेच वरून जोरजोरात चोळा आणि शेंगदाण्याची सालं पाखडतो तशी सुपात पाखडा. काही दाणे हट्टी असतात, साल सोडतच नाहीत, त्यांच्यामागे लागू नका, शंभरातल्या पंधरा-वीस दाण्यांना साल राहिली तर चॉकलेटमध्ये कळत पण नाही. उकळत्या पाण्यात खायचा सोडा घालून तीनेक मिनिटं दाणे उकळायचे अशीही पद्धत आहे, साल बोटाने सुटते आणि दाणे अगदी पांढरेशुभ्र निघतात, फक्त सोड्याने ते पाणी काळंकुट्ट होतं आणि फसफसून वर येतं म्हणून भांडं मोठं घ्या. पण मग दाणे ओले होतात, स्वच्छ धुऊन, पुसून, वाळवून पुन्हा भाजायला लागतात. सजावटीला आख्खे दाणे हवे असतील तरच मी ते करते.

२५० मधले ५० ग्रॅम पूड करायला काढा, मूठभर सजावटीला, उरलेल्याची पेस्ट. पूड करताना दाणे पूर्ण गार हवेत आणि बॅटरमधल्या मैद्यातलाच दोन चमचे मैदा जारमध्ये घाला, मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. पेस्टला बरोबर उलटं, दाणे कोमट असतानाच चटणीच्या जारमध्ये घाला आणि धीर धरा. आधी पूड होते, मग ओलसर भुसा, मग सगळं कडेला चिकटून गोळा बसतो आणि पातं नुसतं मोकळं फिरायला लागतं, इथे नव्वद टक्के लोकांना वाटतं बिघडलं आणि ते पाणी किंवा दूध घालतात. अजिबात घालू नका! पाण्याचा थेंब पडला की पेस्ट आवळून येते आणि परत सैल होत नाही. चमच्याने खरवडून खाली करा, अर्धा मिनिट फिरवा, मिक्सरला दोन मिनिटं विश्रांती द्या (मोटर तापून जळका वास आला तर जास्त), पुन्हा फिरवा, असं करत करत एकदम तेल सुटतं आणि इडलीच्या पिठाइतकं वाहतं होतं. फारच अडलं तर एक चमचा रिफाइंड तेल. शंभर ग्रॅमपेक्षा कमी दाण्याची पेस्ट बहुतेक घरगुती मिक्सरमध्ये होतच नाही, पात्याच्या वर काही येत नाही, म्हणून एकदाच जास्त करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा.

बॅटर. वाट्या-कपांनी मोजू नका, बाजारात २०० मिलीचा पण कप आहे आणि २४० चा पण, छोटा वजनकाटा घ्या. मैदा ११० ग्रॅम, हेझलनट पूड ५०, कोको ३०, पिठीसाखर १४०, हेझलनट पेस्ट ४०, बिनवासाचं तेल ७० मिली, अंडी २, घट्ट दही १००, गरम कॉफी ८० मिली, चिमूटभरापेक्षा जरा जास्त मीठ. गरम कॉफी आधी कोकोवर ओतून गुठळ्या मोडून पाच मिनिटं ठेवा, त्याने कोकोची चव खुलते, कॉफीची म्हणून वेगळी चव येत नाही, आणि लहान मुलांसाठी नकोच असेल तर कडक गरम पाणी घ्या. मग त्यातच साखर, तेल, पेस्ट, दही, अंडी फेटून घ्यायची आणि चाळलेलं कोरडं शेवटी, स्पॅच्युलाने, मैदा दिसेनासा झाला की थांबायचं. बीटर इथे लागतच नाही, उगाच फेटत बसलात की आत बोगदे पडतात.

सोड्याचं जरा नीट समजून घ्या कारण यात रेसिपी कॉपी करून फसायला होतं. कोको दोन तऱ्हेचा असतो, एक साधा, फिकट तपकिरी आणि आंबटसर, दुसरा अल्कली लावलेला, गडद, त्यातला आंबटपणा मारलेला. पाकिटावर घटकांमध्ये ५०० किंवा ५०१ नंबरचा अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर लिहिलेला असेल तर तो दुसरा. साध्या कोकोला अर्धा चहाचा चमचा सोडा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. अल्कलीवाल्याला पाव चमचा सोडा, तोही दह्यासाठी, आणि एक चमचा बेकिंग पावडर. गडद कोकोत अर्धा चमचा सोडा ढकलला तर त्याला मारायला पुरेसं आंबट काही नसतं आणि कपकेकला साबणासारखी चव येते, ती कुठल्याही फ्रॉस्टिंगने झाकत नाही.

बटर का नाही, हे विचारणारच कोणीतरी. बटरची चव छान असते हे मान्य, पण हे कपकेक बहुतेक वेळा फ्रीजमध्ये जातात कारण वर गनाश असतं, आणि फ्रीजमध्ये बटर घट्ट होतं म्हणून कपकेक दुसऱ्या दिवशी कोरडा *वाटतो*. तेल घट्ट होत नाही. कोरडेपणाचं दुसरं कारण म्हणजे साखर कमी करणं, आजकाल सगळ्यांना गोड कमी हवं असतं, पण साखर ओलावा धरून ठेवते, १४० ची ७० केली तर दुसऱ्या दिवशी भुसा खाल्ल्यासारखं होणारच. गोड कमी करायचं तर वरच्या फ्रॉस्टिंगमध्ये करा. आणि तिसरं, सगळ्यात कॉमन, कपकेक दोन-तीन मिनिटं जास्त भाजणं.

बिनअंड्याचं. नुसती अंडी काढून दही वाढवलं की काम झालं असं नाही, कारण हेझलनट पुडीत ग्लुटेन नसतं, अंडंही गेलं तर कपकेकला धरून ठेवणारा फक्त मैदा उरतो. म्हणून मैदा १३०, पूड ३० वर आणा, दही १८० करा, दूध ४० मिली आणि शेवटी एक चमचा व्हिनेगर. व्हिनेगर घातल्यावर बॅटर ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जायचं नाही, लगेच साच्यात आणि लगेच ओव्हनमध्ये. चवीत फरक पडत नाही, पोत जरा दाट येतो, गरम असताना कागद सोडवायचा प्रयत्न केला तर तुकडे होतात. कंडेन्स्ड मिल्कवाली रेसिपी पण चालते, पण मला ती यासाठी फार गोड वाटते, हेझलनट दबतं. दोन्ही प्रकार एकाच दिवशी करायचे तर बिनअंड्याचे आधी करा, भांडी-स्पॅच्युला वेगळी ठेवा आणि कागदाचे रंग वेगळे घ्या.

डोंगर येऊन फुटण्याचं कारण जवळजवळ नेहमी उष्णता. कड आधी शिजून घट्ट होते, मधलं बॅटर अजून पातळ असतं, त्याला फुगायला एकच वाट राहते, वर. छोट्या ओटीजीमध्ये वरचा रॉड कपकेकच्या डोक्याला अगदी जवळ असतो, आणि डायलवर १७० लावलं म्हणजे आत १७० आहे असं समजू नका, स्वस्तातला ओव्हन थर्मामीटर आत टांगा आणि एकदा काय ते बघून घ्या, वीस-तीस डिग्रीचा फरक अगदी नेहमीचा आहे. आतलं खरं तापमान १६५ हवं. किमान १५ मिनिटं प्रीहीट, ट्रे मधल्या खाचेपेक्षा एक खाली, कागदी कप दोन तृतीयांश भरलेला, एकेकात ६० ग्रॅमच्या आसपास. १८ ते २० मिनिटं, बिनअंड्याला दोन मिनिटं जास्त. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही, मग ट्रे फिरवायचा कारण मागची रांग आधी होते. टूथपिक अगदी कोरडी निघाली म्हणजे उशीर झाला, तिला दोन-चार ओलसर कण चिकटलेले हवेत, पातळ बॅटर नको. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत साच्यातून जाळीवर, आत राहिले तर घाम सुटतो आणि कागद कडेने सुटून येतो.

मधलं सारण मी भाजण्याआधी घालतच नाही. स्प्रेड बॅटरपेक्षा जड असतं म्हणून ते बसणारच, फ्रीझरमध्ये गोळ्या गोठवून घातल्या तर घट्ट बॅटरमध्ये थोड्या तग धरतात, या बॅटरमध्ये नाही, आणि ओव्हनमध्ये तापून स्प्रेड रवाळ पण होतं. कपकेक पूर्ण गार झाला की क्रीम काढायच्या मोठ्या नोझलचं मागचं तोंड वरून दोन सेंटीमीटर खुपसून फिरवून काढा, बुडापर्यंत जाऊ नका. स्प्रेड १२० ग्रॅम आणि घरची पेस्ट ४० ग्रॅम, थोडं मीठ, एकत्र करून पायपिंग बॅगेत किंवा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, कोपरा कापून भरा, काढलेल्या तुकड्याची टोपी परत वर. स्प्रेडचं खरं काम इथे आहे, नुसत्या पेस्टपेक्षा ते मऊ राहतं.

वर बटरक्रीम नको, निदान आपल्याकडच्या हवेत नको, मुंबई-कोकणात मे महिन्यात ते डब्याच्या झाकणाला लागलेलं मिळतं. गनाश करा: ५५ टक्क्यांच्या आसपासचं डार्क कुव्हर्चर (म्हणजे कोको बटरवालं खरं चॉकलेट) २०० ग्रॅम, फ्रेश क्रीम १५० (उन्हाळ्यात १२०), हेझलनट पेस्ट ५०. क्रीमला कडेने बुडबुडे आले की चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर हळूहळू ढवळा, शेवटी पेस्ट. आपल्या पॅकमधल्या क्रीममध्ये फॅट २५ टक्केच असतं, त्यामुळे परदेशी रेसिपीतलं क्रीमचं माप जसंच्या तसं घेतलं तर गनाश वाहतं. तेल सुटून फाटल्यासारखं दिसलं तर एक चमचा कोमट दूध घालून मधोमध ढवळत जा, परत जुळतं. चार-पाच तास बाहेरच झाकून ठेवलं की पायपिंगला येतं. कंपाउंड चॉकलेट वापरलं तर गनाश बनतं, दिसतं पण छान, पण त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं आणि ते टाळूला मेणासारखं चिकटून राहतं, हेझलनटवर एवढा खर्च करून शेवटी तिथे चारशे-पाचशे वाचवू नका. आणि अर्धं हे अर्धं ते मिसळून तर मुळीच नाही, ती दोन फॅट एकमेकांत नीट बसत नाहीत.

सजावटीचे दाणे सुरीने जाडसर कापा, मिक्सरमध्ये धूळ होते. कॅरॅमलमध्ये घोळवलेले लावायचे असतील तर ते पावसाळ्यात तासाभरात चिकट होतात, आयत्या वेळी लावा. हेझलनट इसेन्सबद्दल विचाराल तर माझ्या कपाटात ती बाटली नाही. बजेट खरंच कमी असेल तर पुडीतले ५० ग्रॅम भाजलेल्या बदामाचे करा, पेस्ट मात्र हेझलनटचीच ठेवा.

फ्रॉस्टिंगशिवायचे कपकेक हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस, गनाशसकट फ्रीजमध्ये चार दिवस, खायच्या आधी चाळीस मिनिटं बाहेर. कोणाला देणार असाल, मुलांच्या वाढदिवसाला तर नक्कीच, डब्यावर मोठ्या अक्षरात नट्स आहेत असं लिहा, चॉकलेटी कपकेककडे बघून कोणाला अंदाज येत नाही. आणि ओटीजी नवा असेल किंवा थर्मामीटर अजून आणला नसेल तर सगळी बॅच एकदम घालू नका, एकच कपकेक आधी भाजा, डोंगर आला तर दहा डिग्री खाली, वर सपाट आणि आत ओला राहिला तर दहा वर, मग उरलेले अकरा. बिनअंड्याच्या बॅटरला हे चालणार नाही कारण ते थांबत नाही, त्यामुळे ट्रायल अंड्याच्या बॅचमध्येच करून घ्या.